वासंतीबाईंची प्रकृती

उज्जैन
१० जुलै १९५५

डॉक्टरसाहेब,

तुमचं पत्र आज आलं. ते मी कुठे वाचलं सांगू? संडासात. नाक मुरडू नका, सध्या माझा बराचसा मुक्काम तिथेच असतो.

पत्र नेहमीसारखंच तुटपुंजं. थंडी आहे, बापूंना नमस्कार सांग, तू बरी असशीलच. पण या खेपेला कामाबद्दल थोडं जास्त लिहिलंय. तुमचे प्रोफेसर आतड्याच्या एका रोगाची मोजणी लढाईच्या आधीपासून करताहेत म्हणे. आतड्याला आतून व्रण पडतात, रक्त जातं, माणूस वर्षानुवर्षं झिजतो, आणि असे रोगी विलायतेत दर वर्षी वाढत चाललेत. का वाढताहेत ते कुणालाच ठाऊक नाही. आणि खाली तुम्ही लिहिता, 'हा रोग हिंदुस्थानात नाही. त्यामुळे मला तिकडे काम नाही. अजून काही वर्षं इथेच काढावी लागतील.'

वाचून मला हसू आलं. हसताना पोटात कळ आली, म्हणून थांबले.

अहो, आहे हिंदुस्थानात. उज्जैनीत आहे. बापूंच्या घरात, मागच्या परसात, हातात टमरेल घेऊन बसलेला आहे. गेल्या वर्षीच्या होळीपासून मला हेच चाललंय. रक्त, शेंब, कळा, मधूनच ताप. वर्गात मुलींना नर्मदेचा उगम सांगता सांगता मला पळावं लागतं आणि मुली आपल्या नर्मदेला डोंगरातच सोडून बसून राहतात. फ्रीगंजातले डॉक्टर म्हणतात, आंव आहे. सुया टोचून टोचून दंड सुजवलेत त्यांनी माझे.

मोहल्ल्यात कुणाला सांगायची सोय नाही. नवरा विलायतेत आणि बायकोला मळमळतं, जेवण जात नाही, हे नुसतं कानावर गेलं तरी काय काय बोलतील ते तुम्हाला कळेल. म्हणून मी उपास धरलेत. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी, प्रदोष. कुणी जेवायला बोलावलं की त्या दिवशी माझं काहीतरी असतंच. भगरीची पेज आणि ताक तेवढं पोटात राहतं.

आता हे तुम्हाला कळवलं तर तुम्ही याल. मिळेल त्या बोटीने याल. दोन वर्षांची बोली करून गेलात, तिची चार झाली. बापूंच्या, सख्ख्या वडिलांच्या, डोळ्याच्या ऑपरेशनला आला नाहीत, मी 'करमत नाही' म्हणून लिहिलं तेव्हा आला नाहीत, 'तू इकडे ये' असं एकदाही म्हणाला नाहीत. मी आले नसते, बापूंना सोडून कुठे येणार? पण म्हणायला काय हरकत होती? या रोगाला मात्र धावत याल. मला उताणी निजवून पोटावर बोटं आपटाल, मग वहीत टिपून घ्याल आणि प्रोफेसरांना तार कराल. ते मला नको आहे. तुम्ही माझ्यासाठी यावं. मी बरी असताना, मी नुसती अहल्या असताना, मला भेटावंसं वाटलं म्हणून यावं.

हे पत्र मी टाकणार नाही. उद्या बंबात घालीन, बापूंच्या आंघोळीचं पाणी तापेल.

उज्जैन
११ जुलै १९५५

डॉक्टरसाहेब,

पत्र पोचलं. बापूंची तब्येत छान आहे, डोळ्याचा त्रास नाही. पावसाची वाट आहे. मी ठणठणीत आहे.

तुमचा तो आतड्याचा रोग हिंदुस्थानात नाही असं म्हणता, म्हणून सहज विचारते. आमच्या शाळेत वासंतीबाई म्हणून एक शिक्षिका आहेत. माझ्याच वयाच्या. त्यांना वर्ष-सव्वा वर्ष रक्त पडतंय, आणि आंवेच्या सुया घेऊन गुण येत नाही. त्यांचं दुखणं तुमच्या रोगात बसतं का? घाई नाही. फुरसत झाली तर कळवा.

अहल्या

उज्जैन
२ सप्टेंबर १९५५

डॉक्टरसाहेब,

तुमचं पाकीट पाहून मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचं आलं. एवढं जाड! पोस्टमनसुद्धा म्हणाला, 'बाई, इस बार साहब ने दिल खोल के लिखा है.' लग्न झाल्यापासून एवढं लांब पत्र तुम्ही मला लिहिलं नव्हतं. म्हणजे अजूनही मला लिहिलेलं नाहीच, वासंतीबाईंबद्दल लिहिलंय, पण पाकिटावर नाव माझं आहे.

तुमचे प्रश्न मी त्यांना एकेक वाचून दाखवले. उत्तरं लिहिते.

झोप लागते का? लागते, पण पहाटे पोट उठवतं. एकदा उठल्या की परत निजणं नाही. मग त्या अंगणात बसून राहतात आणि उजाडेपर्यंत काहीबाही आठवतात.

सांधे दुखतात का? हो, गुडघे. तुम्हाला कसं कळलं? त्यांना वाटत होतं ते दुखणं निराळं आहे. दोन्ही एकाच पोटचं निघालं म्हणून बाई थक्क झाल्या.

दूध सोसतं का? नाही. चहा बिनदुधाचा घेतात आणि लोकांना सांगतात की दुधाचा नेम केलाय.

वजन किती उतरलं? बांगड्या कोपरापर्यंत जातात. तेवढ्यावरून काय ते समजा.

भीती वाटते का, हे तुम्ही का विचारलंत? तिकडे डॉक्टर असंही विचारतात? वासंतीबाईंनी तो प्रश्न मला दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, वाटते. मरणाची नाही एवढी, आपण कुणाला दिसलोच नाही असं होईल याची वाटते. मी म्हटलं, बाई, हे काही डॉक्टरांना कळवण्यासारखं नाही. पण कळवते आहे.

घरी त्यांचं कोण बघतं? सासरे आहेत, फार मायाळू, पण म्हातारे. यजमान परगावी असतात. त्यावर तुम्ही केवढे संतापलात! 'बायको अशी आजारी असताना हा गृहस्थ तिकडे करतो काय? त्याला कुणीतरी खडसावून सांगायला हवं. त्याचा पत्ता पाठव, मी लिहितो.' तुम्ही पत्ता मागितलात तेव्हा पाठवावा की काय, असं मला फार वाटलं. वासंतीबाईच म्हणाल्या, राहू द्या, ते कामात असतात.

आणखी काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. त्यांना उत्तरं द्यायला आवडतं.

अहल्या

उज्जैन
१९ नोव्हेंबर १९५५

डॉक्टरसाहेब,

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तीन वेळा तपासणी झाली. इंदूरला जाऊन केली, कारण इथे केली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला अहवाल मिळाला असता. तिन्ही खेपेला आंवेचे जंतू नाहीत. नक्कल सोबत आहे.

जाताना गाडीत एक गंमत झाली, ती सांगते. नमुन्याची बाटली वासंतीबाईंनी लाल फडक्यात गुंडाळून, वर सुतळी बांधून, मांडीवर धरली होती. समोर एक देवासची म्हातारी. तिने बघितलं, उज्जैनहून बाई निघालीय, हातात लाल फडक्यातली बाटली आहे, इतकी जपून धरली आहे. हात जोडून म्हणाली, 'बाई, रामघाट का जल है ना? दो बूँद दे दो, पोते के माथे लगा दूँगी.' वासंतीबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग सुचलं त्यांना, म्हणाल्या, 'माताजी, किसी के नाम का संकल्प है, बाँट नहीं सकते.' म्हातारीने लांबूनच बाटलीला नमस्कार केला. इंदूर येईपर्यंत आम्ही हसू दाबून बसलो होतो. मी हे तुम्हाला प्रत्यक्ष सांगितलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असतात. तुमचं हसणं कसं होतं ते मला हल्ली नीट आठवत नाही, आठवायला गेलं की नुसते दात दिसतात.

फ्रीगंजातल्या डॉक्टरांना अहवाल दाखवला. ते म्हणाले, 'ये तो मेम लोगों की बीमारी है. आप लोग शुद्ध शाकाहारी, आपको कहाँ से होगी?' आणि पुन्हा आंवेचंच औषध लिहून दिलं. मी विचारलं, मग सरकारी कागदावर हे दुखणं कुठे लिहाल? म्हणाले, आंव-अतिसाराच्या रकान्यात, दुसरा रकाना आहे कुठे?

घरी येऊन बापूंना सांगितलं, तर त्यांना सरकारी दवाखान्यातली जुनी कारकुनी आठवली. म्हणाले, 'आमच्या वेळी ग्वाल्हेरला पाठवायच्या कागदात संग्रहणीचा रकाना वेगळा होता. मध्यभारत झालं, नवे कागद छापून आले आणि त्यात संग्रहणी गेली आंवेच्या पोटात. एका दिवसात सगळे संग्रहणीवाले बरे होऊन राहिले! सुधाकरला लिही, असा गुण तुमच्या विलायती औषधालाही येणार नाही.' लिहिलं. तुमचे प्रोफेसर म्हणतात हिंदुस्थानात हा रोग नाही, तेव्हा त्यांना विचारा, शोधलात कुठे?

तुम्ही लिहिलंत की वासंतीबाईंचा तुम्हाला रात्रंदिवस विचार येतो. त्यांना मी हे सांगितलं नाही. उगाच कशाला.

अहल्या

उज्जैन
८ मार्च १९५६

डॉक्टरसाहेब,

गोळ्या जानेवारीतच पोचल्या. तुम्ही ज्याच्याबरोबर पाठवल्यात तो इंदूरचा विद्यार्थी स्वतः आणून देऊन गेला. हळदीसारख्या पिवळ्या आहेत आणि पोटात गेल्या की सगळंच पिवळं करतात, धुण्यालासुद्धा डाग पडले. पहिले काही दिवस वासंतीबाईंचं डोकं दुखलं, जीव नकोसा झाला. तुम्ही आधी कळवलं होतं म्हणून त्यांनी धीर धरला. 'काहीही झालं तरी गोळी चुकवायची नाही, माझी शपथ आहे म्हणावं,' असं तुम्ही लिहिलं होतंत. शपथ पाळली जातेय.

महिनाभराने रक्त थांबलं. आणि मग एक दिवस, लिहायला संकोच वाटतो पण तुम्हालाच नाही सांगायचं तर कुणाला, बांधून साफ झालं. बाई परसातून बाहेर आल्या त्या गुणगुणत.

आता तुम्ही माझ्यावर जे रागावलात त्याबद्दल. बापूंनी तुम्हाला कळवलं की सूनबाई तुझ्यासाठी कडक उपास करते, वाळून गेली आहे, आणि तुम्ही मला अडाणी म्हणालात. 'शिकलेली बाई असून नवऱ्यासाठी पोट मारतेस, लाज वाटते मला.' मी तुमच्यासाठी उपास करते असं मी कधी म्हटलं? मी माझ्या सोयीने करते. पण खुलासा कुणाला करत बसू? मोहल्ल्यात माझं केवढं नाव झालंय तुम्हाला कल्पना नाही. शेजारच्या माणिकबाई दर सोमवारी माझ्या पाया पडतात. माझ्याहून वयाने मोठ्या, मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं. 'जीजी, तुम्हारा तप देख के भगवान भी पिघल जाएँगे,' म्हणतात. कुणाच्या पोरीचं लग्न जमत नसलं तर तिला माझ्याकडे आणून माझा हात डोक्यावर ठेवून घेतात. आणि मी आपली हात ठेवते, मनात म्हणते, देवा, हिला जवळच राहणारा नवरा मिळू दे.

तुमच्या पत्राची तीन पानं वासंतीबाईंची होती आणि शेवटी माझ्यावरचे रागाचे चार शब्द. खरं सांगू? ते चार शब्द मी जास्त वेळा वाचले. रागावलात तरी ते मला लिहिलेले होते.

अहल्या

उज्जैन
२५ नोव्हेंबर १९५६

डॉक्टरसाहेब,

वासंतीबाई बऱ्या आहेत. अंग भरलंय, वर्ग सुटेपर्यंत उभ्या राहून शिकवतात. तुमच्या प्रोफेसरांच्या तक्त्यात विलायतेतल्या एवढ्या लोकांच्या खाली 'हिंदुस्थान, स्त्री, एक' अशी ओळ आली, हे वाचून त्यांना मौज वाटली. म्हणाल्या, एकटीच का गं मी? मी म्हटलं, एकट्या कशाला असाल, बाकीच्या आंवेच्या रकान्यात बसल्यात.

इथे दिवाळीत राज्य बदललं. मध्यभारत गेलं, मध्यप्रदेश आलं, राजधानी भोपाळ. बापूंनी कार्डावर पत्ता लिहिताना दोनदा चूक केली आणि पेन टाकून दिलं. 'आता कुणाची प्रजा आम्ही? ग्वाल्हेर की इंदूर की भोपाळ? घर तर तिथेच आहे,' म्हणाले. त्यांना तुमची फार आठवण येते, पण ते ती राज्यांच्या नावाने काढतात.

एक घोटाळा झालाय. मला सध्या भूक लागते. सणासुदीचे दिवस, घराघरांतून वास येतात, मी किती दिवस पेज पीत बसू? तुळशीचं लग्न लागलं त्या दिवशी माणिकबाईंकडे दाल-बाफले होते. त्यांनी सवयीने नुसतंच विचारलं, 'जीजी तो नहीं खाएँगी?' मी म्हटलं, खाईन. आणि खाल्ले. तुपात बुडवलेले कणकेचे बाफले, वरून लाडू. सगळी पंगत हात थांबवून माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सगळीकडे झालं, अहल्याबाईंनी उपास सोडला, म्हणजे त्यांना व्रत पावलं. म्हणजे डॉक्टरसाहेब येताहेत! माणिकबाईंनी डोळे पुसले. आता त्यांनी माझ्या उद्यापनाची तयारी चालवली आहे. मी म्हटलं, राहू द्या हो. तर म्हणतात, 'ऐसे कैसे? जोड़े से बैठना पड़ेगा. साहब को आने दो.' रोज कुणी ना कुणी दारात थांबून विचारतं, कब आ रहे हैं? मी म्हणते, पत्र येईल. भाजीवालासुद्धा विचारतो.

मी त्यांना काय सांगू, तेवढं लिहा.

अहल्या

उज्जैन
२० जानेवारी १९५७

अहो,

तुमच्या डिसेंबरातल्या पत्राला मी इतके दिवस उत्तर दिलं नाही. आता जे लिहिते ते शेवटपर्यंत वाचा आणि मग काय रागवायचं ते रागवा.

तुम्ही लिहिलंत की येण्याची व्यवस्था होऊ शकते. प्रोफेसर तयार आहेत, वासंतीबाईंना स्वतः नळी घालून तपासायचं, मग उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर पालथं घालून आणखी रोगी शोधायचे. पण एक अडचण. त्या पूर्ण बऱ्या असतील तर आत काही दिसणार नाही, प्रोफेसर म्हणतील साधी आंवच होती, आणि प्रवासाची मंजुरी बारगळेल. 'त्यांची प्रकृती आज नेमकी कशी आहे ते ताबडतोब कळव.' तुम्ही गोळ्या थांबवा असं लिहिलं नाहीत. तुम्ही तसं लिहिणारे नाहीच.

मीच थांबवल्या.

वासंतीबाई म्हणून कुणी नाही. आमच्या शाळेत नाही, उज्जैनीत नाही. ते दुखणं माझं आहे, पहिल्यापासून माझंच. ते गुडघे माझे, ती पहाट माझी, बाटली मांडीवर घेऊन मी एकटीच बसले होते. माझे उपास कशासाठी होते तेही आता तुम्हाला कळलं. तुम्ही ज्या गृहस्थाचा पत्ता मागत होता तो तुमच्याच पाकिटावर मागच्या बाजूला असतो.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी गोळ्यांची बाटली गुळाच्या डब्यामागे ठेवून दिली. मला बरं असून भागणार नव्हतं. संक्रांतीच्या सुमाराला कळा सुरू झाल्या, मग रक्त दिसलं. आणि मला आनंद झाला हो. मी तिथे बसून, पोट दाबून धरून, मनात तुमचा प्रवास मोजत होते. मुंबईला उतराल, मग रात्रीची गाडी, मग उज्जैनचं स्टेशन. मी कुठलं लुगडं नेसायचं तेसुद्धा ठरवलं. इतकी वेडी झाले होते मी. चार दिवसांत अंथरूण धरलं तरी मला वाटायचं, चांगलं आहे, तुम्ही आल्यावर सगळं दिसेल.

काल दुपारी परसातून उठायला मला जमेना. बापू बाहेर येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते कोण जाणे, दोन्ही हातांत पाण्याची बादली धरून. त्यांना आता बादली उचलवत नाही. दाराबाहेरूनच म्हणाले, 'सूनबाई, मला डोळ्यांनी कमी दिसतं, पण अगदीच दिसत नाही असं नाही. तुझे उपास कसले ते मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. तू लपवून राहिलीस, म्हणून मी सुधाकरला उपासच लिहिले. तू पिवळ्या गोळ्या घेत होतीस, त्या का सोडल्यास?'

मी बसल्या बसल्या हात लांबवून कडी काढली.

मग म्हणाले, 'तो येईल न येईल. मी त्याच्या येण्यावर जगत नाही गं, मी तुझ्यावर जगतो. तू मला सोडून जाऊ नको.'

त्यांनी मला आजवर कधी हात लावलेला नाही, माहेरी जाताना पाया पडले तरी लांबूनच आशीर्वाद देतात. काल त्यांनी मला दंडाला धरून खोलीत आणलं, वाटेत दोनदा आम्ही दोघंही थांबलो. गुळाच्या डब्यामागे हात घालून बाटली त्यांनीच काढली. मी गोळी घेतली. आज सकाळी पुन्हा घेतली. आता चुकवणार नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की, आज प्रकृती वाईट आहे, पण सुधारेल. तुम्ही येईपर्यंत बहुतेक सगळं भरून येईल आणि नळी घालून बघण्यासारखं काही उरणार नाही. प्रोफेसरांना खरं ते सांगा. तक्त्यातली ती ओळ ठेवायची की खोडायची, तुमचं तुम्ही ठरवा. रोगी डॉक्टरचीच बायको निघाली, तर तिकडचे लोक ती ओळ धरतात की नाही, मला ठाऊक नाही. माझ्यासारख्या इथे पुष्कळ असतील, त्या शोधायला तुम्ही कधीतरी याच. पण ते काम तुमचं आणि प्रोफेसरांचं.

माझं एवढंच आहे की वासंतीबाईंना जी पत्रं आली ती मला हवी होती. भीती वाटते का, झोप लागते का, घरी कोण बघतं, हे तुम्ही मला विचारावं म्हणून मी झुरत होते आणि त्या बयेला तुम्ही आपण होऊन विचारलंत. मी तिचा मत्सर केला. उत्तरं माझी द्यायची आणि माया तिने घ्यायची, असं दीड वर्ष चाललं. आता ती नाही. तुमच्याजवळ तिच्याबद्दलचं जे काही शिल्लक असेल ते मला द्या.

मोहल्ल्याला मी आज सांगितलं, साहेबांचं काही ठरलेलं नाही. माणिकबाई म्हणाल्या, 'आएँगे, जीजी.' मी म्हटलं, मलाही फार वाटतं, यावेत म्हणून. हे मी आजवर कुणापाशी बोलले नव्हते, तुमच्यापाशीही नाही. सगळी लपवालपवी करून झाली, उपास करून झाले, खोटी बाई करून झाली, पण साधं एवढं लिहायचं राहिलं की मला तुम्ही हवे आहात. दुखणं असताना हवे होतात, बरी होते तेव्हाही हवे होतात. मंजुरी मिळो न मिळो, रोगी सापडो न सापडो.

याला लांब उत्तर लिहू नका. उत्तरच लिहू नका. या.

तुमची
अहल्या